ही पिशवी कुणाची?

"...आणि एवढं सगळं आपल्याला शिकवणारा माणूस," मालक म्हणाले आणि हसू आवरत नसल्यासारखे क्षणभर थांबले, "स्वतः पहिल्यांदा विमानतळावर गेला, तो हातातल्या पिशवीत गळ घेऊन! बोला आता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा."

दुकान हसलं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून काही जण खोक्यांवर बसले होते, तेही हसले. दाढीवाले वकील सगळ्यांत मोठ्याने हसले. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि त्यांनी हसण्याचा शेवट खोकल्यात केला.

"पण देवमाणूस हो," मालक लगेच म्हणाले. "आज नळकांडे आपल्यात नाहीत. म्हणून त्यांच्या मुलीला बोलावलंय. लहानपणापासून ऐकत आलीय ती हे सगळं. ये गं, पुढे ये. लाजू नकोस."

मी लाजत नव्हते. माझ्या मांडीवर कापडी पिशवी होती, पिशवीत एक डबा होता आणि त्या डब्याची कडा मी इतकी घट्ट धरली होती की बोटांवर वळ उठले होते.

नळकांडे हे आमचं आडनाव नाही. ते बाबांना गिऱ्हाइकांनी दिलेलं नाव. गळ, दोरे, रिळं आणि काठ्या विकणाऱ्या या दुकानात बाबांनी उभं आयुष्य काढलं. वर्षातून एकदा मालक हौशी गिऱ्हाइकांना घेऊन परदेशात, दूरच्या एका थंड नदीवर मासे पकडायला जात. जाण्याआधीची सगळी बांधाबांध बाबांची. काठ्यांचे तुकडे सुटे करून, एकेकाला कापडी म्यान चढवून ते लांब नळकांड्यांत भरत. मग झाकण लावून नळकांडं कानाशी धरत आणि हलवून बघत. आत जरासा जरी आवाज आला तरी परत उघडत. "वाजतंय म्हणजे आत काहीतरी एकटं पडलंय," असं त्यांचं म्हणणं. मग घरून आणलेला एखादा जुना सदरा, विटलेली उशीची खोळ आत कोंबत. आमच्या घरातल्या बहुतेक जुन्या कपड्यांनी अशी परदेशवारी केली. बाबांनी केली नाही.

जाण्याच्या आधी एका संध्याकाळी दुकानात बैठक होई. विमानातून मासेमारीचं सामान कसं न्यायचं, काय कुठे ठेवायचं, तिथे उतरल्यावर कोण काय विचारेल, हे बाबा नव्या मंडळींना समजावून सांगत. शेवटी कुणाची तरी टोपी मागून घेत, आणि तिच्या पट्टीत खोचून विसरलेला गळ हमखास निघे. मी शाळेत असल्यापासून कोपऱ्यात बसून ते ऐकत आले. आता मी एका वाचनालयात काम करते. दिवसभर पुस्तकांच्या सहवासात असते, पण त्या बैठकीतली वाक्यं मला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त पाठ आहेत.

मालक आमच्या घरी आले ते बाबा गेल्यानंतर. आधी नाही. कामावर निघताना सदऱ्याची बटणं लावता लावता बाबा खाटेवर बसले आणि तसेच कलंडले. तो सदरा आईने अजून धुतला नव्हता. खुर्चीच्या पाठीवर तसाच होता. मालक नेमके त्याच खुर्चीत, त्या सदऱ्याला पाठ टेकून बसले.

"वहिनी, माझा तर उजवा हात गेला," ते म्हणाले.

आईने पाणी आणून दिलं.

थोडा वेळ बरं-वाईट बोलून झालं. मग ते खुर्चीत पुढे सरकले. "एक विचारायचं होतं. तो डबा... वडिलांचा आहे हो माझ्या. नळकांड्यांना कितीदा म्हटलं, आणून द्या. 'आणतो' म्हणायचे आणि विसरायचे. वय झालं होतं त्यांचं, दुसरं काय."

बाबा विसरत नसत. गिऱ्हाइकाची वस्तू एक रात्रही घरात ठेवायची नाही, असा त्यांचा दंडक होता. साधं दुरुस्तीला घेतलेलं रीळसुद्धा जेवण बाजूला ठेवून पोचवून येत. हा डबा मात्र त्यांनी कपाटावर ठेवला आणि हलवला नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "घ्यायला येतील तेव्हा देऊ. आपण पोचवायचा नाही."

"ते येतील?"

"रस्ता माहीत आहे त्यांना."

आता ते आले होते. आईने कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "बैठक कधी आहे यंदा?" तिने विचारलं.

"आहे की, पुढच्या आठवड्यात. खरं तर तेही बोलायचं होतं. नळकांड्यांसारखं सांगणारं आता कोण आहे? पोरीने चार शब्द सांगितले असते तर..."

"येईल ती," आई म्हणाली. "डबाही तीच आणेल."

मालक गेल्यावर मी भांडले. मी कशाला जाऊ, त्यांच्या दुकानात उभी राहून त्यांची हौस कशाला भागवू, असं बरंच काही. आईने मालकांचा अर्धा राहिलेला पेला मोरीत रिकामा केला. "तुला राग आलाय ना?" ती म्हणाली. "मग तो इथे माझ्यावर कशाला काढतेस? जिथला तिथे नेऊन दे."

राग गेल्या वर्षीचा होता.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने पाय मोडून घेतला आणि सहलीतली एक जागा रिकामी झाली. मालक म्हणाले, "नळकांडे, तुम्हीच चला." बाबांना आधी वाटलं, थट्टा आहे. मग पासपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवला नाही, पण घरात कुणी पेन मागितलं, कात्री मागितली, की पासपोर्ट ठेवलेलाच खण उघडत. स्वतःच्या काठीला त्यांनी नवं म्यान शिवून घेतलं. सगळ्यांच्या काठ्या ते नेहमी दोन मोठ्या नळकांड्यांत एकत्र भरत आणि ती मालकांच्या नावावर सामानात जात. या वेळी त्यांत त्यांचीही काठी होती. बाकी त्यांचं सामान ते किती? कपड्यांचे दोन जोड, औषधं, स्वेटर. एवढंसं. ते हातातल्या लहान पिशवीत मावलं.

मी आणि आई त्यांना सोडायला विमानतळावर, पाहुण्यांचं तिकीट काढून आतपर्यंत गेलो. काउंटरपाशी आम्ही दोरीच्या अलीकडे उभ्या होतो, म्हणून मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं. नळकांडी पट्ट्यावरून आत गेली होती आणि बाकीची मंडळी आपापलं सामान देऊन पुढे गेली होती. मालकांच्या बॅगेचं वजन जास्त भरलं. त्यांनी बॅग उघडली, इकडे तिकडे चाचपलं आणि टॉवेलात गुंडाळलेला एक डबा बाहेर काढला. बाबांच्या पिशवीची चेन त्यांनी स्वतःच ओढली.

"मालक, ह्यात गळ आहेत," बाबा म्हणाले.

"अहो, आमिषाला लावायचे लाकडाचे मासे आहेत. वडिलांनी हाताने कोरलेले. खेळण्यासारखे दिसतात. कोण बघतंय?"

"पोटाखाली तीन-तीन टोकांचे गळ आहेत प्रत्येकाच्या. आत अडवतील. माझी पिशवीच सामानात टाकू या. दोन मिनिटांचं काम."

"आता परत रांग लावू? मागे बघा किती माणसं आहेत. चला हो नळकांडे, तुम्ही ना... दुकानातून बाहेर या जरा!"

मालक हसले, मागच्या रांगेतले अनोळखी लोकही हसले. बाबाही हसले. त्यांनी पिशवीची चेन लावली.

त्या हसण्याचा मला अजून राग येतो. मालकांच्या नाही, बाबांच्या. नाही म्हणायला काय झालं होतं? ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या टोप्या झटकून गळ शोधून काढले, त्याने स्वतःच्या पिशवीत गळ जाऊ दिले, कारण पिशवी उघडणारा हात मालकांचा होता.

आईला विमान उडताना बघायचं होतं. "आलोच आहोत तर बघून जाऊ." म्हणून आम्ही काचेपाशी बाकावर बसलो. मी तिला कुठलं विमान कुठलं ते उगाचच सांगत होते. तेवढ्यात ती दाराकडे बघत म्हणाली, "हे आपलेच का गं?"

बाबा पळत येत होते. पट्टा हातात, बुटाच्या नाड्या सुटलेल्या, बगलेत तो डबा. त्यांनी तो माझ्या हातात कोंबला. "मालकांचा आहे. सांभाळ." आणि वळून परत पळाले. त्यांना असं पळताना मी तोवर पाहिलं नव्हतं. एक खांदा वर करून, लंगडल्यासारखे पळत होते.

बऱ्याच वेळाने ते पुन्हा बाहेर आले. या वेळी चालत.

उभ्यानेच त्यांनी सांगितलं, तेही एकदाच. यंत्रातून पिशवी गेली तशी तिथल्या बाईंनी ती बाजूला काढली. विचारलं, "ही पिशवी कुणाची?"

"माझी," बाबा म्हणाले. पिशवी त्यांचीच होती.

बाईंनी डबा उघडला. म्हणाल्या, "काका, हे नेता येणार नाही. इथे ह्या पिंपात टाका आणि जा. विमान गाठायचंय ना?" बाबांनी पलीकडे पाहिलं. मालक यंत्राच्या पुढे पोचले होते. त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. टाकू नका, टाकू नका. तोंडाने मात्र काही बोलले नाहीत. मग ते बाकीच्यांबरोबर पुढे निघून गेले. बाबा डबा माझ्याकडे देऊन परत आत पोचले तेव्हा विमानाचं दार बंद झालं होतं.

"मग टाकायचा ना!" मी ओरडले. आजूबाजूची माणसं बघायला लागली. "टाकून द्यायचा होता बाबा तो डबा!"

"त्यांच्या वडिलांनी केलेले आहेत ते," बाबा म्हणाले. "पिंपात कसे टाकायचे?"

आम्ही तिघं काचेपाशी बसलो. विमान धावलं, उठलं, लहान झालं. आईने त्यांच्या बुटाच्या नाड्या बांधल्या. बाबा बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, "काठी गेली माझी."

मंडळी परत आली तेव्हा गोष्ट तयार होती. नळकांड्यांच्या पिशवीत गळ सापडले. मालकांनी ती सांगितली नसेल सुद्धा. पाहणाऱ्यांनी तेवढंच पाहिलं होतं. पण मालकांनी ती खोडली नाही, आणि पुढे पुढे तर तेच रंगवून सांगायला लागले. बाबांची काठी त्यांनी तिथे वापरली होती, "नुसती पडून राहण्यापेक्षा." तिच्यावर मोठा मासा लागला. त्याचा फोटो चौकटीत घालून दुकानात लावला आणि फोटोखाली काठी. "तुमचीच आहे हो, पण इथे शोभते." बाबा रोज त्या काठीखाली उभं राहून दुसऱ्यांना काठ्या विकत होते आणि रोज कुणी ना कुणी म्हणत होतं, "काय नळकांडे, खिसे तपासले का आज?"

मी म्हणायची, सांगा ना खरं काय ते. ते म्हणायचे, "त्यांनी सांगायला हवं. मी सांगितलं तर ती तक्रार होते."

तर मी पुढे जाऊन उभी राहिले. मागच्या भिंतीवर तो फोटो होता. मालक गुडघाभर पाण्यात, हातांत आडवा मासा, चेहराभर हसू. फोटोखाली दोन खिळ्यांवर काठी, आणि तिचं म्यान एका टोकाला नुसतंच खोचलेलं.

"काठी आधी सुटी करायची," मी सांगायला लागले. "शेंड्याचा तुकडा सगळ्यांत नाजूक. तो जाड तुकड्यांच्या मध्ये. नळकांडं बंद केलं की हलवून बघायचं. वाजलं तर उघडायचं."

माझा आवाज मला अनोळखी वाटत होता. शब्द मात्र ओळखीचे होते.

"रीळ हातात न्यायचं. महाग असतं आणि आपटलं की गेलं. पण दोरा काढून. काही ठिकाणी दोऱ्यालाही हरकत घेतात."

"रिळावर राहिला तर काय बिघडतं?" खोक्यावरच्या एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कदाचित काहीच नाही. कदाचित तिथे उभं राहून सगळा हाताने उलगडावा लागेल, मागे रांग थांबलेली असताना. घरी उलगडलेला बरा."

त्या हसल्या. इतर दोघं-तिघं सावरून बसले.

"औषधं आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत. सामान चुकलं तर पहिली रात्र निभावते. गळ मोठ्या सामानात, आणि टोकं बुचात खुपसून. आपली बॅग उघडणाराही माणूस असतो, त्याला बोटं असतात. बूट घासून, धुवून, पूर्ण वाळवून न्यायचे. तिथले लोक तळवे उलटे करून बघतात. आपल्या पाण्यातला चिखल, त्यातले किडे त्यांच्या नदीत जायला नकोत. परत येतानाही तेच. आणि ओली काठी नळकांड्यात कधीच भरायची नाही."

मी थांबले. मग बाबा करत तसं वकिलांना म्हटलं, "टोपी द्या जरा."

त्यांनी दिली. मी आतली पट्टी उलटी केली. पट्टीत एक गळ होता, बारीक, पिसं लावलेला. दुकान पुन्हा हसलं. वकीलही हसले. "घ्या! दर वर्षी माझाच नंबर!"

"बघा," मालक म्हणाले, "म्हणून म्हणतो, नळकांड्यांनी स्वतःची टोपी..."

"त्यांनी टोपी तपासली होती," मी म्हणाले. "खिसेही. मी बघितलंय."

मग मी पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर ठेवला. टॉवेल अजून तोच होता. मी तो उलगडला, झाकण उघडलं. लाकडाचे मासे बुचाच्या तुकड्यांवर ओळीने बसवलेले होते. बाबांनी सगळे पुसून, गळांना तेल लावून ठेवले होते. एकाही टोकावर गंज नव्हता.

"शेवटची सूचना बाबांनी इथे कधी दिली नाही, कारण ती त्यांना गेल्या वर्षी कळली," मी म्हणाले. "दुसऱ्याची वस्तू आपल्या पिशवीत घ्यायची नाही. हा डबा यांचा आहे. वजन जास्त झालं म्हणून काउंटरवर यांनी तो बाबांच्या पिशवीत घातला. बाबा म्हणाले होते, ह्यात गळ आहेत. म्हणाले होते, पिशवी सामानात टाकू या. आत विचारलं, ही पिशवी कुणाची, तेव्हा बाबा म्हणाले, माझी. डबा कुणाचा, ते सांगणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता."

बाहेर कुठेतरी गाडी मागे घेतल्याचा टुंटुं आवाज येत होता.

"पिंपात टाकला असता तर ते तुमच्याबरोबर आले असते. टाकला नाही, कारण हे मासे यांच्या वडिलांनी कोरलेत."

"अगं, हे काय आता..." मालक उठले. "घरातल्या घरातली गोष्ट... आणि त्यांनीच सांगायचं ना त्या बाईंना, डबा माझा आहे म्हणून! मी काय नाही म्हणालो असतो?"

"खरं का हो हे?" वकिलांनी विचारलं. आवाज हळू होता.

"मी पलीकडे होतो."

"पलीकडे म्हणजे? मी तुमच्या मागेच होतो की. दिसत होतं सगळं तुम्हाला."

मालकांनी डब्याकडे पाहिलं. "मी पट्टा बांधत होतो," ते म्हणाले.

मला वाटलं होतं की हे ऐकून मला बरं वाटेल. नाही वाटलं. समोर एक जाडसर, घामेजलेला म्हातारा उभा होता आणि त्याच्याजवळ माझ्या वडिलांना परत देण्यासारखं काहीच नव्हतं. पहिल्या रांगेतला एक जण बराच वेळ चुळबुळत होता. शेवटी त्याने विचारलं, "ते... बूट वाळायला किती दिवस धरायचे?"

मी त्याला काय बोलले असते कोण जाणे. पण बाबांना प्रश्न आवडत. "आतून हात घालून बघा," मी म्हणाले. "हाताला गार लागलं तर अजून ओले आहेत."

मग मी रिकामं खोकं भिंतीशी ओढलं, त्यावर चढले आणि काठी उतरवली.

"ती राहू दे गं," मालक म्हणाले. "त्यांची आठवण म्हणून. काका म्हणतेस ना मला?"

"तुमचा डबा पोचला, मालक," मी म्हणाले. "मोजून घ्या."

दारापर्यंत वाट करून द्यायला वकील उठले. त्यांनी टोपी हातातच धरली होती. काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. मी थांबले नाही.

घरी आईने दार उघडलं आणि आधी काठीकडे पाहिलं.

"दिला?"

"दिला."

"काय म्हणाले?"

"पट्टा बांधत होतो म्हणाले."

आईच्या नाकातून हसण्यासारखा एक आवाज आला. तिने काठी माझ्या हातातून घेतली, जमिनीवर कागद पसरला आणि तुकडे सुटे करायला लागली. तिला ते येतं हे मला माहीत नव्हतं. एक जोड जाम बसला होता. ओलाच भरला असणार. तिने फडक्यात धरून पिळला तेव्हा तो करकरत सुटला आणि कागदावर थोडी वाळू सांडली. बारीक, करडी. आमच्या इकडची नव्हती. बाबांनी शिवून घेतलेल्या नव्या म्यानावर बुरशीचे हिरवे डाग पडले होते.

"धुऊन घेऊ का?" मी विचारलं.

"उद्या. उन्हात."

तिने एकेक तुकडा फडक्याने पुसला. मग खाटेखालून बाबांचं लहान नळकांडं काढलं, शेंडा मधे घालून तुकडे आत सोडले, झाकण फिरवलं आणि कानाशी धरून हलवलं.

"वाजतंय," ती म्हणाली.

मी आत जाऊन कपाटात काही जुनं सापडतंय का ते बघायला लागले. सगळं तर त्यांनी कधीच नेलं होतं. एक फाटका टॉवेल घेऊन बाहेर आले, तर आई खुर्चीपाशी उभी होती. पाठीवरचा सदरा तिने उचलला होता. वरची दोन बटणं लावलेली होती, खालची मोकळी. ती तिने लावली, शेवटपर्यंत. मग सदऱ्याची घट्ट गुंडाळी करून ती नळकांड्यात वरून सरकवली, तळहाताने दाबली आणि झाकण लावलं.

पुन्हा कानाशी धरून हलवलं. मीही जवळ जाऊन कान लावला.

आता आवाज नव्हता.